आधी हेडर, मग चित्र: ठाण्यात बसून दुर्बिणींचा डेटा कसा वापरायचा

घोडबंदर रोडला आमच्या गच्चीवरून जानेवारीतल्या चांगल्या रात्रीसुद्धा मोजून पंचवीस-तीस तारे दिसतात. बाकीचं आकाश टॉवरच्या दिव्यांनी धुऊन निघालेलं असतं. जून ते सप्टेंबर तर विचारूच नका. खरं आकाश बघायचं तर अमावास्येच्या जवळचा शनिवार गाठून लोकलने वांगणीला जायचं आणि रविवारभर जांभया देत बसायचं. म्हणून पावसाळ्यात मी दुसरा उद्योग लावून घेतलाय. मोठ्या दुर्बिणींनी आधीच टिपून ठेवलेलं आकाश घरच्या लॅपटॉपवर उघडायचं. हबल, गाया, चंद्रा, ॲस्ट्रोसॅट, आपली नारायणगावजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, सगळ्यांचा बराचसा डेटा खुला आहे. पैसे पडत नाहीत आणि बहुतेक ठिकाणी कोणाची शिफारसही लागत नाही.

हे लिहायला कारण माझा भाचा. ऐरोलीला राहतो, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याने कुठून तरी एक फाइल उतरवली, डबल क्लिक केलं, कॉम्प्युटरने विचारलं, ‘कशात उघडू?’ मग त्याने ती फोटो बघायच्या ॲपमध्ये टाकली, उघडेना. रात्री साडेदहाला फोन: ‘आत्या, फाइल खराब आहे.’ फाइल ठणठणीत होती. खगोलशास्त्राच्या फाइलला चित्र समजून हात घातला की असंच होतं. तिच्यात चित्र असतं, पण त्याच्या आधी एक मजकूर असतो, त्याला हेडर म्हणतात. हे चित्र कोणी, कधी, कुठल्या दिशेला, कशाने घेतलं ते सगळं त्यात लिहिलेलं असतं. तो मजकूर वाचायची सवय लागली की अर्धी लढाई जिंकलीच म्हणून समजा.

काय काय लागेल

फार काही नाही. आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. त्यात दोन प्रोग्रॅम घाला: चित्रांसाठी डीएस९ आणि तक्त्यांसाठी टॉपकॅट. दोन्ही फुकट आहेत आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतात. टॉपकॅटसाठी ‘जावा’ नावाचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर असावं लागतं. एक माउस मात्र घ्याच, टचपॅडवर डीएस९ वापरणं म्हणजे बोटांना शिक्षा. पायथन येत असेल तर ॲस्ट्रोपाय हे पॅकेज पुढे कामाला येईल, पण पहिल्या महिन्यात त्याच्या वाटेला जाऊ नका. उत्साहाने सुरू केलेली किती तरी मुलं पायथन इन्स्टॉल करण्यातच दमून गेलेली पाहिली आहेत.

पहिली पायरी: आकाशातला पत्ता

कुठल्याही संग्रहात शिरताना पहिला प्रश्न हाच: कुठे बघू? बऱ्याच ठिकाणी वस्तूचं नाव टाकलं तरी चालतं. नावावरून जागा शोधून देण्याचं काम मागे एक सेवा करत असते, फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या केंद्राची सिम्बाद. तिथे ‘एम १’ टाका. वृषभ राशीतली क्रॅब नेब्युला, म्हणजे आकाशातला वायूचा एक ढग, समोर येईल. १०५४ साली चिनी ज्योतिषांनी नोंदवलेल्या सुपरनोव्हाचे, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाचे, हे अवशेष. पानावर स्थानांक दिसतील: विषुवांश ५ तास ३४ मिनिटं ३१.९ सेकंद, क्रांती उत्तरेला २२ अंश ० कला ५२ विकला. विषुवांश आणि क्रांती म्हणजे आकाशातले रेखांश आणि अक्षांश. एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला.

आता इथे नवखा माणूस हमखास ठेचकाळतो. विषुवांश तासांत लिहितात, पण संग्रहाच्या चौकटीत बहुधा अंश मागतात. एक तास म्हणजे १५ अंश. ५ तास ३४ मिनिटं ३१.९ सेकंद म्हणजे ५.५७५५ तास, त्याला १५ ने गुणलं की ८३.६३३ अंश. क्रांती आधीच अंशांत असते, तिला गुणायचं नाही, ती २२.०१४. पहिल्यांदा मी गुणायला विसरले आणि ५.५७ तसंच टाकलं. चित्र आलं, छान आलं, त्यात चार-दोन फिकट तारे. नेब्युलाच दिसेना, म्हणून अर्धा तास काँट्रास्ट वाढवत बसले. यंत्राची काही चूक नव्हती, सांगितलेल्या जागेचं चित्र त्याने इमानेइतबारे दिलं होतं.

दुसरी ठेच जास्त छुपी आहे. हे स्थानांक २००० सालच्या आकाशाच्या मोजणी-चौकटीतले असतात, तिला जे२००० म्हणतात. मोबाइलवरची काही ॲप मात्र आजच्या तारखेचे स्थानांक दाखवतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळू डुलतो, त्यामुळे ही चौकट वर्षाला सुमारे ५० विकला सरकते. पंचांग पाहणाऱ्यांना हे नवं नाही, अयनांश म्हणजे याच सरकण्याचा शेकडो वर्षांचा साठलेला हिशेब. पंचवीसेक वर्षांत हा फरक वीस कलांच्या वर जातो. आपण पुढे जी खिडकी मागणार आहोत ती सगळी मिळून १२ कलांची आहे. म्हणजे ॲपमधला आजचा आकडा टाकलात तर नेब्युला खिडकीच्या बाहेर.

आणि हो, चौकटीत आकडे इंग्रजी अंक वापरूनच टाइप करा. कीबोर्ड मराठीवर राहिला तर संग्रह गोंधळतो.

दुसरी पायरी: पहिली फाइल उतरवा

सुरुवातीला हबलच्या संग्रहात जाऊ नका. तिथे एका वस्तूला शेकडो फाइली समोर येतात आणि माणूस गांगरतो. नासाच्या गॉडर्ड केंद्राची स्कायव्ह्यू नावाची सेवा आहे, तिथून सुरू करा. वेगवेगळ्या आकाश-सर्वेक्षणांतून आपल्याला हवा तेवढा तुकडा कापून देते. अगदी कापडाच्या दुकानासारखं: कुठल्या ताग्यातून आणि किती, एवढंच सांगायचं.

वस्तूच्या जागी ‘एम १’ लिहा. सर्वेक्षणांच्या यादीत डीएसएस शोधा. पालोमारच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या श्मिट दुर्बिणींनी घेतलेल्या फोटोच्या काचा स्कॅन करून हा संग्रह बनलाय. चित्राचा आकार अंशांत ०.२ द्या, म्हणजे १२ कला. नेब्युला साधारण ७ बाय ५ कलांची आहे, आजूबाजूला थोडं आकाश राहील. पिक्सेलच्या जागी ७२० लिहा. असं केलं की १२ कला म्हणजे ७२० विकला, ७२० पिक्सेलमध्ये बसतात आणि एक पिक्सेल बरोब्बर एक विकला होतो. पुढे सगळे हिशेब तोंडी करता येतात. मला ही युक्ती उशिरा सुचली.

निकालाच्या पानावर जेपेग आणि फिट्स असे दोन पर्याय दिसतील. फिट्स घ्या. उतरलेल्या फाइलचं नाव नुसतं आकड्यांचं असतं, ते तिथल्या तिथे बदला. वस्तू, सर्वेक्षण, पिक्सेल, तारीख, एवढं नावात घाला. तीन महिन्यांनी डाउनलोड फोल्डरमध्ये चाळीस निनावी फाइली सापडल्या की माझी आठवण येईल.

फिट्स आतून कशी असते

फिट्स हे फाइलस्वरूप १९७० च्या दशकाच्या शेवटी ठरलं आणि १९८१ मध्ये त्यावरचा मूळ शोधनिबंध छापून आला. तेव्हा प्रत्येक वेधशाळेचा कॉम्प्युटर वेगळा होता, प्रत्येकाची आकडे साठवायची तऱ्हा वेगळी. एका ठिकाणचा डेटा टेपवर भरून दुसरीकडे नेला की तिथे वाचता येत नसे. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं एक सामाईक स्वरूप ठरवलं. पुढे नियमांत भर पडली, पण एक दंडक कायम राहिला: एकदा फिट्स म्हणून वैध असलेली फाइल पुढेही कायम वैध. चाळीस वर्षांपूर्वीची फिट्स आजही उघडते. माझ्या कॉलेजातल्या प्रोजेक्टची फाइल मात्र आज कशातच उघडत नाही.

एक प्रयोग करा. फाइलची एक प्रत काढा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीला वाचता येईल असा इंग्रजी मजकूर दिसेल, सलग, मध्ये ओळ न तोडलेला. पुढे नुसता कचरा. तो मजकूर म्हणजे हेडर आणि कचरा दिसतो ते पिक्सेलचे आकडे. बघून झालं की सेव्ह न करता बंद करा. नोटपॅडने सेव्ह केलेली फिट्स कायमची बिघडू शकते, म्हणून तर प्रत काढायला सांगितली.

हेडरची प्रत्येक नोंद ८० अक्षरांची. जुन्या पंच कार्डावर ८० रकाने असत, तिथून हा आकडा आला आणि नोंदीला आजही कार्डच म्हणतात. अशा ३६ कार्डांचा एक ठोकळा, म्हणजे २८८० बाइट. संपूर्ण फिट्स फाइल २८८० बाइटच्या ठोकळ्यांनी बनते, शेवटचा ठोकळा अपुरा पडला तर भर घालून पुरा करतात. २८८०च का? एका ठोकळ्यात २३०४० बिट होतात, आणि त्या काळच्या कॉम्प्युटरांच्या ८, १२, १६, १८, २४, ३६, ६० अशा नाना मापांनी या संख्येला निःशेष भाग जातो. कोणाच्याच यंत्रात उरलंसुरलं राहायला नको.

ही माहिती नुसती गंमत म्हणून सांगत नाही, तिचा रोज उपयोग होतो. फाइलचा आकार बाइटमध्ये बघा आणि २८८० ने भागा. भाग निःशेष गेला पाहिजे. आपल्या चित्रात ७२० गुणिले ७२० पिक्सेल आहेत. प्रत्येकाला चार बाइट असतील तर एक आडवी ओळ म्हणजे ७२० गुणिले ४, बरोब्बर २८८० बाइट, एक ठोकळा. म्हणजे चित्राचे ७२० ठोकळे आणि वर हेडरचे. हेडरचे पाच ठोकळे निघाले तर फाइल २०,८८,००० बाइटची हवी.

एकदा ऑफिसातून येताना ठाण्याच्या लोकलमध्ये मोबाइलच्या नेटवर अशीच फाइल उतरवली. रबाळ्याला नेट गेलं, परत आलं, ब्राउझर म्हणाला झालं. घरी उघडते तर चित्राचा वरचा भाग गायब. आकार बघितला: १३,१०,७२० बाइट. २८८० ने भागलं तर ४५५ वेळा भाग जाऊन ३२० उरले. पाच ठोकळे हेडरचे सोडले तर ४५० ओळी आल्या होत्या आणि वरच्या २७० वाटेतच राहिल्या होत्या. वरच्याच का? कारण फिट्समध्ये ओळी खालून वर रचतात, पहिला पिक्सेल डावीकडे खालच्या कोपऱ्यात. हा भागाकार फक्त उघड्या फाइलीला लागू. नावापुढे ‘जीझेड’ असेल तर ती दाबून बांधलेली असते, आधी सोडवा आणि मग भागा.

हेडर वाचताना कुठे थांबायचं

डीएस९ मध्ये फाइल उघडा आणि फाइलच्या मेनूतून हेडर दाखवायला सांगा. शंभरेक ओळी येतील, सगळ्या वाचू नका. खुणेचे शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत असतात, इथे मी ते कानाला ऐकू येतात तसे लिहिते.

‘बिटपिक्स’ सांगतो की एक पिक्सेल किती बिटांचा. १६ किंवा ३२ असेल तर पूर्णांक, उणे ३२ किंवा उणे ६४ असेल तर दशांश. उणे बघून दचकू नका, ती नुसती खूण आहे. ‘नॅक्सिस’ म्हणजे किती मिती. दोन असेल तर साधं चित्र, तीन असेल तर चित्रांची चळत, शून्य असेल तर पहिल्या खणात काहीच नाही, माल पुढच्या खणात आहे. हबल किंवा टेस (ताऱ्यांच्या तेजातले बदल टिपणारा नासाचा उपग्रह) यांच्या फाइलींत पहिला खण हमखास रिकामा असतो आणि नवखी मंडळी ‘फाइल रिकामी’ म्हणून परत फिरतात. पुढच्या खणांना एक्स्टेंशन म्हणतात, त्यांत चित्र असतं किंवा तक्ता.

मग ‘सीआरव्हॅल’, ‘सीआरपिक्स’ आणि ‘सीडेल्ट’. अमुक पिक्सेल आकाशात तमुक जागी आहे आणि पुढचा पिक्सेल किती अंश सरकतो, हे या त्रिकुटातून कळतं. आपल्या फाइलीत पहिला सीआरव्हॅल ८३.६३ च्या जवळ दिसला पाहिजे. तो नसेल तर पत्ता चुकला, चित्र बघायची गरजच नाही. पहिला सीडेल्ट उणे ०.०००२७७ च्या आसपास असेल, म्हणजे एक विकला. उणे कशाला? कारण आकाशाच्या चित्रात उत्तर वर धरली की पूर्व डावीकडे येते, नकाशाच्या उलट. नकाशा आपण वरून बघतो आणि आकाश खालून. काही फाइलींत सीडेल्टऐवजी ‘सीडी’ नावाचे चार आकडे असतात, काम तेच.

‘डेट-ऑब्स’ म्हणजे निरीक्षणाची वेळ, ती जागतिक वेळेत. १४ तारखेला २० वाजून १० मिनिटं लिहिलं असेल तर आपल्याकडे १५ तारीख उजाडून रात्रीचे १ वाजून ४० मिनिटं झालेले. धूमकेतू किंवा लघुग्रह शोधताना ही साडेपाच तासांची चूक फार महागात पडते.

राहिलं एकक, म्हणजे ‘बीयुनिट’. काही फाइलींत हे कार्डच नसतं, तेव्हा त्या सर्वेक्षणाच्या माहितीपानावर जाऊन बघायचं. डीएसएसच्या पिक्सेलचा आकडा म्हणजे फोटोच्या काचेचा काळेपणा, प्रकाशाच्या थेट प्रमाणात तो वाढत नाही. रेडिओ चित्रात तो जान्स्की प्रति बीम (रेडिओ तेजाचं एकक) असतो, तर डिजिटल कॅमेऱ्याच्या चित्रात अनेकदा इलेक्ट्रॉन. तिन्हीकडे आकडा ५०० दिसला तरी तिन्हींचा अर्थ वेगळा. शिवाय स्कायव्ह्यू तुकडा कापताना पिक्सेल नव्याने बसवते. बघायला आणि जुळवायला उत्तम, पण ताऱ्याची तेजस्विता काटेकोर मोजायची असेल तर मूळ संग्रहातली फाइलच घ्या.

‘आत्या, सगळं काळंच आहे’

भाच्याची दुसरी तक्रार. डीएस९ फाइल उघडताना सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त आकड्यांमध्ये करड्या छटा सारख्या वाटून टाकतं. एखादा तारा बाकीच्यांच्या हजारपट तेजस्वी असला की सगळ्या छटा तोच खातो आणि नेब्युलाच्या वाट्याला काळा रंग येतो. स्केलच्या मेनूत जाऊन लॉग निवडा, नंतर झेडस्केल. मग माउसचं उजवं बटन दाबून धरा आणि चित्रावर इकडून तिकडे हळूहळू फिरवा. अंधारातून नेब्युला वर येते ती बघण्यासारखी असते. यात फाइलमधला एकही आकडा बदलत नाही, फक्त दाखवायची पद्धत बदलते.

‘रंग कुठायत पण?’ नाहीत. फिट्समधलं एक चित्र म्हणजे एका फिल्टरमधून आलेला प्रकाश, काळापांढरा. पेपरात छापून येणारी हबलची रंगीत चित्रं तीन किंवा जास्त फिल्टरची चित्रं एकावर एक ठेवून, प्रत्येकाला रंग देऊन बनवतात.

आता खरी मजा. स्कायव्ह्यूवर पुन्हा जा, सगळं तेच ठेवा आणि फक्त सर्वेक्षण बदलून टीजीएसएस घ्या. हे सर्वेक्षण जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झला केलेलं आहे, २०१० ते २०१२ या काळातलं. पुणे जिल्ह्यातल्या खोडद गावाजवळच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. डीएस९ मध्ये नवी फ्रेम उघडून त्यात हे चित्र घाला. मग फ्रेमच्या मेनूत मॅच, त्यात फ्रेम, त्यात डब्ल्यूसीएस (आकाशातले स्थानांक) निवडा. दोन्ही चित्रं आकाशातल्या जागेनुसार एकमेकांना जुळतात. मघाचे सीआरव्हॅल आणि सीडेल्ट इथे कामी आले. दृश्य प्रकाशातल्या चित्रात नेब्युलाचे धागे आणि आजूबाजूचे तारे दिसतात. रेडिओ चित्रात ते तारे दिसत नाहीत, कारण साधे तारे या लहरींत फारच मंद असतात. उरतो तो चुंबकीय क्षेत्रात भोवंडणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रकाश, आणि त्यांना ऊर्जा पुरवणारा मधला पल्सार, म्हणजे स्फोटानंतर उरलेला ताऱ्याचा गरगरणारा गाभा, सेकंदाला सुमारे तीस गिरक्या घेतो. रेडिओ चित्र मऊ, गुबगुबीत दिसेल. टीजीएसएसची बारकाई साधारण २५ विकलांची आहे, पिक्सेल कितीही बारीक मागितले तरी बारकाई वाढत नाही. माझ्या मते नवख्याने पहिल्या दिवशी एवढंच करावं आणि लॅपटॉप मिटावा.

कुठल्या प्रश्नाला कुठलं दार

हबल, जेम्स वेब, केप्लर, टेस यांचं घर एकच, बाल्टिमोरचा मास्ट. अवरक्त प्रकाशासाठी कॅलटेकचा इर्सा, क्ष-किरण आणि गॅमा किरणांसाठी गॉडर्डचा हेसार्क, चिलीतल्या युरोपीय दुर्बिणींसाठी ईएसओचा संग्रह. दीर्घिकांची माहिती हवी असेल तर नेड, त्यांचे वर्णपट हवे असतील तर स्लोन सर्वेक्षण. दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांचा स्वतंत्र संग्रह नासाकडे आहे.

आपल्याकडचं: ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला सुटला, त्याचा डेटा बेंगळुरूजवळच्या ब्यालालू इथल्या इस्रोच्या केंद्रातून मिळतो. चांद्रयान-२ आणि आदित्य-एल१ साठी त्याच केंद्राचं प्रदान नावाचं पोर्टल आहे. नोंदणी करावी लागते. चांद्रयानाचा डेटा फिट्समध्ये नसून पीडीएस४ या स्वरूपात येतो. प्रत्येक फाइलीसोबत एक एक्सएमएल चिठ्ठी असते, ती हरवली तर फाइल मुकी. जीएमआरटीचा कच्चा डेटाही संग्रहात आहे, पण त्याचं चित्र बनवणं हे वेगळंच शास्त्र आहे. मी दोनदा हात घातला, दोनदा माघार घेतली.

मास्टमध्ये शिरलात की फाइलच्या नावाचं शेपूट वाचायला शिका. हबलच्या फाइलीत शेवटी ‘रॉ’ असेल तर कच्चा माल, ‘एफएलटी’ असेल तर कॅमेऱ्याचे दोष काढून साफ केलेला, ‘डीआरझेड’ किंवा ‘डीआरसी’ असेल तर अनेक छायाचित्रं नीट जुळवून केलेलं पक्कं चित्र. वेबच्या फाइलीत हेच ‘अनकॅल’, ‘कॅल’ आणि ‘आयटूडी’. आपल्याला शेवटचं हवं असतं. उतरवण्याआधी आकार बघा, वेबची एक फाइल सहज शेकडो एमबीची निघते. कुलूप दिसलं तर तो डेटा अजून निरीक्षण मागणाऱ्या संशोधकापुरता राखीव आहे, काही महिन्यांनी किंवा वर्षभराने उघडेल. टेसचा डेटा मात्र असा राखून ठेवत नाहीत.

क्ष-किरणांच्या फाइली बघून गोंधळू नका. तिथे बहुधा चित्र नसून यादी असते: अमुक क्षणी, अमुक जागी, अमुक ऊर्जेचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, आला. चित्र त्या यादीतून आपण बनवायचं. डीएस९ ते आपोआप करतं.

तक्त्याचं उदाहरण: कृत्तिका

चित्रं बघून मन भरलं की आकड्यांकडे वळा. युरोपच्या गाया उपग्रहाने ताऱ्यांची अंतरं मोजली. १३ जून २०२२ ला आलेल्या तिसऱ्या संचात सुमारे १८० कोटी ताऱ्यांच्या नोंदी आहेत. आपल्याला त्यातल्या फक्त कृत्तिका हव्यात.

स्ट्रासबुर्गच्याच व्हिझिएर या तक्त्यांच्या संग्रहात जा आणि गायाचा तिसरा संच उघडा. जागा: ५६.७५, अधिक २४.१२. त्रिज्या दोन अंश. खाली प्रत्येक रकान्यासमोर अट घालायची जागा असते. पॅरॅलॅक्स ६.९ ते ७.८, मध्ये दोन टिंबं देऊन. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा तारा किंचित सरकलेला दिसतो, त्याचं हे माप, विकलेच्या हजाराव्या भागांत; तारा जितका दूर तितका पॅरॅलॅक्स लहान. मग निजगती, म्हणजे तारा आकाशात वर्षाला किती सरकतो ते: विषुवांशातली १५ ते २५, क्रांतीतली उणे ५० ते उणे ४०. तेजस्विता १५ पेक्षा कमी, या आकड्याला प्रत म्हणतात. निजगतीची अट का? कृत्तिकेचे तारे एकाच कुळातले, सगळे एका दिशेला एका चालीने जातात. त्याच दिशेला दिसणारे पण मागचे-पुढचे परके तारे या अटीने गळतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. व्हिझिएर न सांगता पहिल्या ५० ओळीच देतं. ती मर्यादा डावीकडच्या पट्टीत वाढवा. मी एकदा दोन वेगवेगळ्या गुच्छांत नेमके पन्नास-पन्नास तारे सापडल्याचं वहीत लिहून ठेवलं होतं, वर ‘आश्चर्य!’ असा शेराही मारला होता. ते पान अजून फाडलेलं नाही.

निकाल व्हीओटेबल किंवा फिट्स स्वरूपात घ्या. सीएसव्हीही मिळतं आणि एक्सेलमध्ये उघडतं, पण त्यात एककं हरवतात आणि एक्सेल गायाचे लांबलचक ओळखक्रमांक गोल करून टाकतं. शेवटचे आकडे शून्य झाले की तो तारा पुन्हा सापडत नाही. व्हीओटेबलमध्ये प्रत्येक रकान्यासोबत त्याचं एकक आणि अर्थ लिहिलेला असतो. तिथेही हेडर आहेच, नाव वेगळं.

फाइल टॉपकॅटमध्ये उघडा. पॅरॅलॅक्सची सरासरी बघा, ७.३५ च्या आसपास येईल. १००० ला त्याने भागा: साधारण १३६ पार्सेक, म्हणजे ४४० प्रकाशवर्षांच्या थोडं वर. कृत्तिकांचं अंतर तुम्ही स्वतः काढलंत. मात्र दूरच्या, मंद ताऱ्यांना हा सरळ भागाकार लावू नका. त्यांची मोजणीतली चूकच पॅरॅलॅक्सएवढी असते, गायाच्या तक्त्यात पॅरॅलॅक्स उणेसुद्धा सापडतो. ती छपाईची चूक नव्हे. शून्याजवळची वस्तू मोजताना मोजपट्टी थरथरली की आकडा कधी शून्याच्या खाली जाणारच.

मग आलेख काढा. आडव्या अक्षावर रंग, म्हणजे बीपी उणे आरपी (निळ्या आणि लाल प्रकाशातल्या प्रतींमधला फरक), उभ्यावर तेजस्विता. उभा अक्ष उलटा करायला विसरू नका, तेजस्वितेचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. भाच्याने हे केलं नव्हतं, त्याची पट्टी डोक्यावर उभी होती. उलटी केल्यावर निळ्या तेजस्वी ताऱ्यांपासून लाल मंद ताऱ्यांपर्यंत उतरणारी बारीक रेघ उमटली, काही शे ठिपक्यांची.

‘आत्या, या रेघेच्या वर अजून एक पुसट रेघ आहे. ही कसली?’

त्याला उत्तर न देता उंची मोजायला सांगितली. मुख्य रेघेपासून पाऊण प्रत वर निघाली. सारख्या तेजाचे दोन तारे गायाला एकच ठिपका म्हणून दिसले तर प्रकाश दुप्पट होतो, आणि दुप्पट प्रकाश म्हणजे ०.७५ प्रत. जोडतारे. आता टॉपकॅटमध्ये त्या वरच्या ठिपक्यांभोवती माउसने कुंपण घाला, त्यांचा वेगळा उपसंच करा, त्याला नाव द्या आणि वेगळ्या फाइलमध्ये जतन करा. भाच्याने नाव दिलं ‘जोडपी’, आणि आता तो त्यातल्या एकेकाचा टेसमधला प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार तेज कसं बदललं त्याचा आलेख, शोधत बसलाय.